लतीफ मिस्त्रींची सही

लतीफ मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून हिंगोलीत विमानाचे मेकॅनिक तयार करायचे, असं सरकारनं ठरवलं होतं.

लढाईची वर्षं होती. हैदराबादेकडच्या विमानतळांवर विमानं येत होती, पण ती दुरुस्त करणारी माणसं मिळत नव्हती. म्हणून तालुक्यातालुक्यांतून हाताला वळण असलेली माणसं गोळा करायची, सहा महिने शिकवायचं आणि तिकडे धाडायचं, असे वर्ग निघाले. आमचा वर्ग स्टेशनाजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये भरायचा. सरकीचा वास त्या शेडमधून शेवटपर्यंत गेला नाही. शिकवायला म्हणून एका मोडक्या विमानाचं इंजिन, त्याच्या तोंडावरचा लाकडी पंखा आणि कापडानं मढवलेला एक तुटका पंख एवढं सामान मालगाडीनं आलं होतं.

मिस्त्री त्याच जिनिंगमध्ये वीस वर्षं इंजिन सांभाळत होते. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, पायजम्यावर खाकी कोट. त्या कोटाचे सगळे खिसे शिवून टाकलेले होते. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी सुई-दोरा द्यायचे आणि सदऱ्याचा खिसा शिवायला लावायचे. "खिशात पाना ठिवशीन, वाकशीन, आन पाना इंजिनात जाईन. तुला न्हाई कळनार. वरच्याला कळंन." स्वतःचा पानाचा डबा ते दाराबाहेरच्या खिळ्याला पिशवीत टांगून ठेवत. पान खायचं झालं की बाहेर जायचे, खायचे, हात धुऊन आत यायचे.

मी मुन्शी. हिंगोलीच्या उर्दू शाळेत शिकून पुढं हैदराबादेत मॅट्रिक झालेला. हजेरी घ्यायची, पत्रं लिहायची, प्रमाणपत्रं भरायची आणि इंग्रजी पुस्तक मराठीत वाचून दाखवायचं, हे माझं काम. मिस्त्री इंजिनासमोर उकिडवे बसायचे, मी शेजारी स्टुलावर. मी एक वाक्य सांगितलं की ते हात वर करत.

"मुन्शी, पुस्तकात 'पाहिजे' हाय का 'चालंल' हाय?"

पहिल्यांदा मी वैतागलो. "काय फरक पडतो, मिस्त्री?"

"इथं न्हाई पडत. वर गेल्यावर पडतो."

एकदा दुपारी मला पेंग येत होती. नट आवळण्याचं पान होतं. मी दोन ओळी गाळल्या आणि 'नट घट्ट आवळावा' म्हणून पान उलटलं. मिस्त्रींनी नट आवळला आणि बोल्टच्या टोकाकडे पाहत बसले. "मंग हे भोक काहून ठिवलं? कुनी भोक उगाच पाडत न्हाई. पुन्यांदा वाच." मी पान मागं घेतलं. नट आवळल्यावर त्या भोकातून खीळ घालायची, नाहीतर हादऱ्यानं नट सुटतो, असं त्या गाळलेल्या ओळींत होतं. ते रागावले नाहीत. "तुला लै घाई हाय, मुन्शी," एवढंच म्हणाले आणि खीळ शोधायला उठले.

माणसं निवडायलाही ते स्वतः जात. अर्ज मागवा, असं वरून पत्र आलं होतं. मिस्त्री म्हणाले, अर्ज लिहिनारे मुन्शी येतील, मला मेकॅनिक पाहिजे. मग आम्ही बैलगाडीनं आखाडा बाळापूरच्या बाजारात गेलो, कुरुंद्याला गेलो, नरसीला गेलो. ते कुणाशी बोलायच्या आधी त्याची गाडी पाहायचे, वखर पाहायचे, कुलूप पाहायचे. नरसीत एका विहिरीवर मोट चालली होती. मिस्त्री बराच वेळ मोटेचं कातडं निरखत उभे राहिले आणि मग ही कुणी शिवली म्हणून विचारत चांभारवाड्यात गेले. सखाराम नावाचा विशीतला गडी होता. त्याला वाटलं, काही तक्रार आहे.

"तकरार न्हाई," मिस्त्री म्हणाले. "तुझा टाका पानी धरतो. वारा काहून न्हाई धरनार?"

सखारामला विमानाच्या पंखाचं कापड शिवायला शिकवलं. त्याच्या शेजारी बसायला वर्गातल्या दोघातिघांनी कुरकुर केली. मिस्त्रींनी त्यांना बोलावून त्यानं शिवलेला पंख दाखवला. "विमानात जो बसंल तो याच्या टाक्यावर बसनार. तुमाला बाकड्यावर बसायला तकलीफ हून राहिली." पुढं कुरकुर झाली असेल, पण त्यांच्यासमोर नाही.

स्वतःबद्दल त्यांना फार वाटत होतं असं नाही. एकदा हिंगोलीवरून एक विमान गेलं. सगळा वर्ग बाहेर धावला, मीही. मिस्त्री शेडच्या सावलीत डोळे मिटून उभे होते. विमान दिसेनासं झाल्यावर म्हणाले, "एक सिलिंडर मागं पडून राहिलं त्याचं." सगळे थक्क झाले. कळमनुरीच्या एका लोहाराच्या पोरानं विचारलं, कसं वळखलं. मिस्त्री हसले. "मला काय कळतंय एवढ्या उंचावरचं. उगा म्हनलो. पर तुमी समदे वर पाहून राहिले व्हते. एकानं बी कान दिला न्हाई."

अशा माणसाच्या हाताखाली मी दीड वर्ष काढलं. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणं मला सोपं जातं आहे, आणि म्हणूनच आता पुढचं लिहायला हवं.

माझी धाकटी बहीण गोदा कुरुंद्याला दिली होती. तिचा नवरा रंगनाथ. चार भावांचं एकत्र घर, जमीन बेताची, हळदीच्या हंगामात उसंत नाही आणि एरवी घरात सुख नाही. गोदाला सासूचा जाच होता. ती माहेरी आली की बोलायची नाही, पण तिच्या हातांकडे पाहिलं की कळायचं. आमचे आई-वडील तोवर गेले होते. एका संक्रांतीला ती म्हणाली, "दादा, यांच्या हातात कसब हाय. तुमच्या मिस्त्रीला सांग ना. हैदराबादेला नोकरी लागली तर आमी सुटलो."

मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणं आधी कुरुंद्याला जाऊन रंगनाथनं दुरुस्त केलेला उसाचा चरक पाहिला, मग त्याला घेतलं. दाजींचा हात खरोखर चांगला होता. इंजिन उघडायचं, पुसायचं, जोडायचं, सगळ्यात ते पहिल्या चारांत होते. अडलं ते एकाच ठिकाणी.

त्या विमानांचं इंजिन चालू करायचं तर पुढचा लाकडी पंखा हातानं फिरवावा लागे. पंख्याला झटका द्यायचा आणि त्याच क्षणी मागं सरायचं. इंजिन बंद असलं तरी ते चालू आहे असं समजूनच पंख्याला हात लावायचा, हा मिस्त्रींचा पहिला धडा. रंगनाथ झटका उत्तम द्यायचे. पण झटक्याबरोबर त्यांचा उजवा पाय पुढं पडायचा, मोटेला किंवा गाडीला जोर लावताना पडतो तसा. मिस्त्रींनी जमिनीवर चुन्यानं रेघ मारली. तीन आठवडे रोज सकाळी दाजींना त्या रेघेमागं उभं केलं. दहा वेळा पाय मागं यायचा, अकराव्यांदा रेघ ओलांडायचा.

"हात पास हाय," मिस्त्री मला म्हणाले. "पाय न्हाई. आनखी दोन म्हैने दे. पाय सुधरतो."

दोन महिने नव्हते. त्याच आठवड्यात वरून पत्र आलं की माणसांची फार टंचाई आहे, तुकडी महिनाअखेर पाठवा. वीसजणांपैकी मिस्त्रींनी पंधरांना पास केलं. पाचजण मागं ठेवले, त्यांत रंगनाथ. पुढची तुकडी निघेल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. गोदानं तोवर कुरुंद्यातून आपलं बिऱ्हाड गुंडाळलं होतं, सासूला चार शब्द ऐकवूनही झाले होते. "आता माघारी कशी जाऊ, दादा?" ती माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. रडली नाही. रडली असती तर कदाचित मी नुसता समजूत घालून मोकळा झालो असतो.

पंधरा प्रमाणपत्रांवर सह्या करून मिस्त्री परभणीला गेले. त्यांची मुलगी बाळंत झाली होती. त्यांना लिहिता फक्त स्वतःचं नाव यायचं, तेही उर्दूत. शेवटच्या 'फे' या अक्षराची शेपटी ते लांब ओढायचे. ती सही मी शंभर वेळा पाहिली होती. ऑफिसच्या टेबलावर, भर सकाळी, दार उघडं असताना मी सोळावं प्रमाणपत्र भरलं आणि ती सही केली. हात कुठं अडला नाही. उलट, इतकी बरोबर जमली याचं बरंच वाटलं. उरलेल्या चौघांचा विचारही मनात आला नाही.

दाजींना मी सांगितलं, मिस्त्रींनी जाता जाता मन बदललं. त्यांचा चेहरा उजळला. "त्यांच्या पाया पडून आलो असतो," म्हणाले. पण गाडी दुसऱ्या दिवशीची होती. परभणीहून परत आल्यावर मिस्त्रींनी चौघांना मोजलं आणि विचारलं, "रंगनाथ कुठं गेला?"

"कंटाळले. गावी गेले," मी म्हणालो.

"च्च," मिस्त्री म्हणाले. "चांगला हात व्हता."

चार महिन्यांनी तार आली. सकाळच्या पाळीला एका विमानाचं इंजिन तपासताना दाजींनी पंखा फिरवला. बटण बंद होतं, पण आत कुठंतरी तार सुटलेली होती आणि इंजिननं एकदाच उचल खाल्ली. मागं असते तर नुसते दचकले असते. पाय पुढं पडला होता. उजवा हात कोपराखालून तुटला.

चौकशी निघाली. याला तयार म्हणून कुणी पाठवलं, हा पहिला प्रश्न. मिस्त्रींना हैदराबादेला बोलावणं आलं आणि त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून सोबत मला. गाडीत ते खिडकीशी बसून होते. रंगनाथला अपघात झाला एवढंच त्यांना कळलं होतं. "तो तिथं पोचला कसा?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. ते पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

चौकशीची खोली लहान होती. टेबलामागं गोरा साहेब, शेजारी एक कारकून. मिस्त्रींनी दाराबाहेर जोडे काढले. साहेबानं प्रमाणपत्र पुढं केलं आणि मला म्हणाला, "याला विचारा, ही सही त्याची आहे का."

मी विचारलं. मिस्त्रींनी कागद घेतला आणि खिडकीच्या उजेडाकडे नेला. बराच वेळ पाहिला. नटाकडे पाहायचे तसाच. मी त्यांच्या पाठमोऱ्या कोटाकडे पाहत होतो. मग ते वळले. माझ्याकडे पाहिलं नाही. कागद टेबलावर ठेवला.

"व्हय. माझीच हाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"हा माणूस कामाला तयार झाला होता, असं यांना वाटत होतं का?"

मी ते मराठीत सांगितलं.

"वाटलं व्हतं म्हनून सांग. आन चुकलं म्हनून बी सांग. पोराचा कसूर न्हाई. शिकवनाऱ्याचा हाय."

मी तेही सांगितलं. त्या दिवशी मी एकही शब्द गाळला नाही. एक माझा शब्द घालायचा होता, तेवढा घातला नाही.

मिस्त्रींची नोकरी गेली. परतीच्या गाडीत त्यांनी आपल्या फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं केली. मी घेतली आणि खाल्ली. त्यांना सही ओळखता आली नसावी, अशी मी स्वतःची समजूत घातली. हिंगोली येईपर्यंत ती समजूत इतकी पक्की झाली की मला झोपही लागली.

गोदा आणि रंगनाथ माझ्याकडे राहायला आले. दाजी डाव्या हातानं जेवायला शिकले, मग लिहायला शिकले. पुढं एका दुकानात मापाडी म्हणून लागले. ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "मला म्हाईत व्हतं माझा पाय पडतो. मिस्त्रीला बी म्हाईत व्हतं. मंग पास काहून केलं त्यानं?" गोदानं ते ऐकलं आणि तिला तिच्या दुःखाचा धनी सापडला. उठता बसता ती मिस्त्रींना शिव्याशाप देऊ लागली. सणाला, आजारपणाला, रंगनाथना गुंडी लावून देताना. मी जेवत असायचो, ऐकत असायचो, आणि ताटातलं संपवून उठायचो.

मिस्त्री बाळापूरला गेले होते. तिथं पिठाच्या गिरणीचं इंजिन सांभाळत, विहिरींवरचे पंप दुरुस्त करत. एकदा हिंगोलीच्या बाजारात गोदाची आणि त्यांची गाठ पडली. मी दोन पावलं मागं होतो. ती भररस्त्यात उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा हात खाल्ला तुमी. तुमची लेकरं बी अशीच बसतील." माणसं थांबली. मिस्त्रींबरोबर त्यांचा नातू होता. ते मान खाली घालून उभे राहिले. तिचं बोलणं संपल्यावर नातवाचं बोट धरून गेले.

ते मला सहन झालं नाही असं म्हणायला हवं, पण सहन झालं. बाळापूरला जायला मला आणखी वर्ष लागलं.

गिरणी बंद होती, ते पट्टा बदलत होते. मला पाहून हात पुसले, पाणी दिलं. मी कसंबसं तोंड उघडलं. "मिस्त्री, ती सही..."

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "माझी सही अशी सरळ येत न्हाई कधी. फेपाशी माझा हात अडकतो. तुझा अडकला न्हाई. तू माझ्यापेक्षा चांगली केलीस."

मी हातातला पेला खाली ठेवला. मग विचारलं, "साहेबाला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू आत गेला असता. हात तुटलेला मानूस आन ती पोरगी, त्यांना कोन पाहिलं असतं? मला काय, इंजिन कुठं बी भेटतं." त्यांनी पट्टा चाकावर चढवला, ताण पाहिला. "आन मुन्शी, ते लेकरू पुढं पाय टाकतं हे मला म्हाईत व्हतं. मी परभनीला जाया नको व्हतं. तेवढं माझं बी हाय."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी खांद्याला धरून उभं केलं.

"हे नको. एक काम कर. तुझ्या बहिनीला सांग. दुसऱ्या कुनाला नको, तिला. तिच्या शिव्यांचं मला काही न्हाई. पर माझी नातवंडं आयकतेत. परवा थोरला मला पुसून राहिला, दादा, तुमी खरंच त्याचा हात तोडला का."

"सांगतो," मी म्हणालो. "आजच सांगतो."

हिंगोलीला पोचलो तेव्हा गोदा दाजींना डाव्या हातानं जोडा कसा घालायचा ते दाखवत होती. दोघंही हसत होते. मला वाटलं, आज नको. नंतर सण होता, नंतर पावसाळा. दोन्ही तसेच निघून गेले. पुढं गोदा म्हातारी होऊन माझ्याच घरात वारली. शेवटच्या दुखण्यात तिनं माझा हात धरून म्हटलं, "दादा, तू होतास म्हनून आमी निभावलो." तेव्हाही मी सांगितलं नाही.

मिस्त्रींना मी शेवटचं पाहिलं ते निजामाचं राज्य गेलं त्या साली, पाऊस ओसरल्यावर. त्या आठवड्यांत पुष्कळ मुसलमान घरं दारं लावून बसली होती आणि काही उठून चालली होती. आम्ही, म्हणजे गोदा आणि मी, स्टेशनावर दाजींना आणायला गेलो होतो. ते कुरुंद्याहून वडिलांचं श्राद्ध करून येत होते. मिस्त्री फलाटावर होते. बायको, सून, दोन नातवंडं, एक ट्रंक, वळकट्या. मुलगा हैदराबादेत होता, त्याच्याकडे निघाले होते. येणारीच गाडी परत फिरून जायची.

गोदानं त्यांना पाहिलं. "चालला बघ," ती मला म्हणाली, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "जाऊ दे, पीडा गेली."

गाडी आली. दाजी दारात उभे, डाव्या हातात पिशवी, उतरायला धरायचं कशाला हे शोधत. मी पुढं होईपर्यंत मिस्त्री तिथं पोचले होते. त्यांनी पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं दाजींची कंबर धरली आणि त्यांना फलाटावर उतरवलं. दाजींनी मान फिरवली आणि ते गोदाकडे गेले. मिस्त्री पिशवी घेऊन माझ्याकडे आले, ती माझ्या पायाशी ठेवली आणि उभे राहिले.

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. गोदा चार हातांवर होती. इंजिन पाणी घेत होतं, वेळ भरपूर होता. ते माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. मी वाकलो आणि पिशवीचा बंद बांधू लागलो. तो बांधलेलाच होता. मी सोडला आणि पुन्हा बांधला. मान वर केली तेव्हा ते आपल्या माणसांकडे गेले होते आणि नातीला उचलून डब्यात ठेवत होते.

गाडी हलली. त्यांचा डबा आमच्यासमोरून गेला. ते आतल्या बाजूला ट्रंक सरकवत होते, त्यांची पाठ तेवढी दिसली.

गोदा माझ्याजवळ आली. "काय म्हनत होता तो तुला?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि पिशवी उचलली.